हातचं भूत

अमेरिकेत ऑक्टोबर लागला की संध्याकाळी दारावरची घंटा वाजते आणि दार उघडावं तर बाहेर कुणी नसतं. पायपुसण्यावर एक खोका असतो. त्यावर भूत काढलेलं, वटवाघूळ चिकटवलेलं, नाहीतर कापूस ताणून कोळिष्टक पसरलेलं. आत चॉकलेटं, एखादी मेणबत्ती, मुलांसाठी चिल्लर खेळणी आणि एक कागद: तुम्हाला ‘बू’ करण्यात आलं आहे. देणाऱ्याचं नाव कुठेही नाही. खाली नियम असतात. हा कागद खिडकीला लावा, म्हणजे तुमच्या दारात पुन्हा कुणी ठेवणार नाही. एक-दोन दिवसांत असेच दोन खोके भरा, दोन शेजाऱ्यांच्या दारांत ठेवा, घंटा वाजवा आणि पळा. असं करत करत ३१ तारखेपर्यंत, म्हणजे हॅलोवीनपर्यंत, गल्लीतल्या बहुतेक खिडक्यांत तो कागद दिसायला लागतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीत लेकीकडे होते. आमच्या दारात हा प्रकार आला तेव्हा दार उघडायला नेमकी मी गेले. खोका काळ्या रंगाचा होता आणि त्यावर एक कवटी दात विचकत होती. मी उचललेलं पाऊल तसंच मागे घेतलं. तेवढ्यात मागून नात ओरडली, “आजी, आपल्याला बू केलंय!” आणि माझ्या कुशीतून पुढे घुसून तिने तो खोका छातीशी धरून घरात आणलासुद्धा.

माझं लहानपण कुडाळजवळच्या एका गावात गेलं. आमच्याकडे तिठ्यावर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी केळीच्या पानावर भात दिसायचा. त्यावर गुलाल, बाजूला कापलेलं लिंबू, कधी कोंबडीची पिसं, कधी काळी बाहुली. हा उतारा. कुणाच्या तरी घरचं दुखणं उतरवून तिथे आणून ठेवलेलं, आणि जो ओलांडेल त्याच्या मागे ते लागणार. शाळेत जाताना आई रोज बजावायची, “चेडवा, थंय बगू नको, आणि ओलांडू तर नकोच हां.” उतारा निदान तिठ्यावर असायचा. पण तसलंच काही सकाळी स्वतःच्या उंबऱ्यावर मिळालं तर घरातल्या बायका आवाज खाली आणून बोलायच्या. करणी. कुणी केली असेल, याचे अंदाज सुरू व्हायचे आणि ते अंदाज नेहमी माणसांच्या नावापाशीच येऊन थांबायचे. बांधावरून भांडलेला, लग्नात मानपान न मिळालेली, शेताला डोळा लावून बसलेला. दारात निनावी वस्तू आली तर ती वाईटच, हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो होतो. या असल्या प्रकारांवर पोट भरणाऱ्यांना आवर घालायला महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. कायद्याने भोंदू माणसाला धरता येतं. उंबऱ्याशी मागे सरकणाऱ्या पायाला धरता येत नाही.

तर आता दोन खोके करून द्यायचे होते. तयार खोके दुकानात मिळतात. पण नातीला ते नको होते. “आपण बनवू. गॅरेजमध्ये किती पडलेत!” तिचं म्हणणं खरं होतं. या घरात मीठ-मिरचीपासून चपलेपर्यंत सगळं खोक्यातून येतं, आणि रिकामे खोके गॅरेजमध्ये उभे राहतात ते कचऱ्याच्या गाडीचा वार येईपर्यंत. मग जावई एकेकाची चिकटपट्टी फोडून त्यांना आडवं करतो आणि गठ्ठा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो. नातीला मी सांगितलं, ठाण्याला आमच्याकडे भंगारवाला येतो आणि या पुठ्ठ्याचे किलोवर पैसे देतो. तिचा विश्वास बसेना. “कचऱ्याचे पैसे? तुला?” पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत नावाची संघटनाच आहे, हे सांगितल्यावर ती थोडा वेळ त्या गठ्ठ्याकडे पाहत राहिली. वस्तू तीच, पण कुणाच्या तरी पोटाशी जोडली गेली की वेगळी दिसते.

खोका निवडण्यात एक संध्याकाळ गेली. फार मोठा नको, कारण तो भरावा लागतो. फार पातळ नको, कारण रंग पडला की तो वाकडा होतो. अखेर एका बुटांच्या जोडाएवढा आम्ही घेतला. त्यावर पत्त्याचं लेबल होतं, ते केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारून सोडवलं. डिंक ऊब लागली की पकड सोडतो. मग मला शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवला. खोक्याच्या उभ्या कडेला एक चिकटवलेली पट्टी असते. सुरीचं पातं हळूच सरकवून ती सोडवली की अख्खा खोका एका पत्र्यासारखा उलगडतो. त्याची उलटी घडी घालून तीच पट्टी पुन्हा चिकटवायची. छपाई आत जाते, कोरी बाजू बाहेर येते. नातीने ते पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे खोक्याने शर्ट उलटा घातला.”

पुठ्ठ्याची जात कळायला तो एकदा फाडून बघावा लागतो. दोन सपाट कागद आणि मध्ये पन्हळी घातलेला तिसरा. ही पन्हळी इंग्लंडात १८५६ साली आली ती पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून आधार म्हणून. सामान बांधायला तिचा उपयोग न्यूयॉर्कच्या आल्बर्ट जोन्सने १८७१ मध्ये केला, काचेच्या बाटल्या आणि कंदिलाच्या चिमण्या फुटू नयेत म्हणून. घडी घालायची असेल तर पन्हळीच्या दिशेने ती सहज पडते. आडवी घालायची तर आधी चमच्याच्या दांड्याने दाबून रेघ ओढावी लागते, नाहीतर पुठ्ठा भलतीकडेच मोडतो. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे, वरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून पापुद्र्यासारखा सोलला की पन्हळी उघडी पडते. तिच्यावर उभे फटकारे मारून काळपट रंग दिला की झाडाची जुनी साल डोळ्यांपुढे उभी राहते.

पण झाड नंतर आलं. आधी प्रश्न होता की काढायचं काय. नातीच्या डोक्यात सगळी भुतं तयार होती. पांढरी चादर पांघरलेलं, दोन भोकांतून बघणारं. सुळे असलेला काळ्या झग्यातला. पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत. टोकदार टोपीची चेटकीण. आमच्या रस्त्यावर घराघरांपुढे हीच मंडळी उभी होती. एका अंगणात बारा फुटी सांगाडा. दुसऱ्याच्या हिरवळीवर हवा भरायची भुतं होती. दिवसा पंखा बंद असला की ती गवतावर कातडं टाकल्यागत पडलेली असायची आणि अंधार पडला की डुलत उभी राहायची.

हा सण आयर्लंडहून आलेल्या लोकांनी आणला. तिकडे ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. इथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला मऊ. पण या सणाचं आजचं रूप घडवलं ते कागदाने. मेन राज्यातल्या ब्रन्सविक गावात १८४४ साली जोडे शिवणारा एक माणूस घरच्या घरी पुठ्ठ्याच्या डब्या करायला लागला, कारण बॉस्टनला घड्याळं आणि दागिन्यांच्या धंद्यात असलेल्या त्याच्या मुलाला दागिने ठेवायला डब्या हव्या होत्या. त्यातून डेनिसन कंपनी उभी राहिली. पुढे ती क्रेप कागद विकायला लागली आणि त्या कागदाचं करायचं काय, हे गिऱ्हाइकाला शिकवण्यासाठी १९०९ मध्ये तिने ‘बोगी बुक’ नावाची पुस्तिका काढली. हॅलोवीनला घर कसं सजवावं, मांजरं कशी कातरावी, पाहुण्यांपुढे काय मांडावं. आज प्रत्येक दारावर दिसणारी नारिंगी-काळी जोडी घरोघर पोचवण्यात या पुस्तिकांचा मोठा वाटा आहे. म्हणजे दागिन्यांच्या डबीपासून निघालेली कंपनी भुतांपाशी येऊन पोचली, आणि आम्ही आजी-नात भुतांपासून निघून डबीपाशी.

“आजी, तुझ्या गावची भुतं कशी दिसायची?” नातीने विचारलं. मी सांगायला लागले आणि अडले. मुंजा पिंपळावर असतो. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला पोर. दिसतो कसा? ठाऊक नाही. गिऱ्हा पाण्यात असतो आणि पोहणाऱ्याचा पाय ओढतो. चकवा ओळखीच्या वाटेवर गाठतो आणि रात्रभर त्याच माळावर फिरवतो. त्याला तर रूपच नाही, तो म्हणजे नुसती चुकलेली वाट. देवचार गावाच्या वेशीवर फिरतो, त्याच्या काठीचा आवाज येतो, तो राखण करतो म्हणतात. चिंचेवरच्या हडळीची एवढी एकच खूण पक्की: तिचे पाय उलटे, टाचा पुढे.

सांगता सांगता मला जाणवलं की आमच्या भुतांना चेहरा नव्हता, पत्ता होता. पलीकडच्या वळणावरचा, जुन्या विहिरीतला, अमक्याच्या कुंपणाबाहेरच्या पिंपळावरचा. झाड तोडलं की भूत गेलं. म्हणून ती माझ्याबरोबर ठाण्यालाही आली नाहीत, अमेरिकेला तर नाहीच. इथल्या भुतांचं उलटं. त्यांना पत्ता नाही, पण चेहरा इतका पक्का की कुठल्याही खोक्यावर, पिशवीवर, बिस्किटावर त्यांना बसवता येतं. घर सोडून आलेल्या माणसांच्या देशात भुतंही बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतात.

नातीने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “मग आपण खोक्यावर पत्ता काढू.”

अशा रीतीने खोक्याचा पिंपळ झाला. चारही बाजूंचा वरचा कागद सोलून पन्हळी उघडी केली, चहाचा चोथा उकळून त्याचं पाणी आधी फासलं, मग काळा रंग, आणि तो वाळल्यावर कोरड्या कुंचल्याने नुसत्या उंचवट्यांवर राखाडी हात फिरवला. पुढच्या बाजूला ढोली कोरली आणि तिच्यामागे काळा पातळ कागद लावून त्यावर दोन डोळे, एक किंचित वर, एक किंचित खाली. डोळे एका रेषेत आले असते तर ते चित्र झालं असतं. वाकडे आल्यामुळे ते बघायला लागले. पानं कातरायचं काम नातीकडे होतं. पिंपळपान तिने पाहिलेलं नव्हतं. बाहेर मेपलची लाल पानं पडली होती, ती तिच्या हातात बसलेली. मी एका कागदावर हृदयासारखं पान काढून त्याचं टोक लांबवत नेलं. “एवढी शेपटी?” तिने विचारलं. पावसाचं पाणी त्या शेपटीवरून निथळतं, म्हणून ती असते. तिने पुढची सगळी पानं जरा जास्तच शेपटीची कातरली.

झाकणावर पावलं उमटवायची होती. हडळीची. काळ्या कागदाची चिमुकली पावलं कातरून ती झाकणाच्या कडेवरून मधल्या फटीपर्यंत लावत नेली, टाचा पुढे करून. हे काम संपल्यावर नात एकदम हसायला लागली. बघणाऱ्याला वाटणार, कुणीतरी खोक्यातून बाहेर पडून चालत गेलंय. आणि खरी गोष्ट अशी की ते आत शिरलंय. हे गुपित त्या रस्त्यावर फक्त आम्हाला ठाऊक असणार होतं.

चिकटवायला काय, यावर थोडा वाद झाला. लेकीने गरम गोंदाची बंदूक काढून दिली. त्यात प्लॅस्टिकची कांडी वितळते आणि क्षणात घट्ट होते. नातीला शिवाय चमकी हवी होती. पण लेकच म्हणाली की चमकी म्हणजे प्लॅस्टिकचा भुगा. ती लावली की खोका परत कागदाच्या लगद्यात जायच्या लायकीचा राहत नाही. मग मी गॅसवर मैद्याची खळ केली. गार पाण्यात मैदा कालवून, मंद आचेवर, पळी न थांबवता, गुठळी होऊ न देता. आमच्या शाळेत वह्यांना कव्हरं घालायला हीच खळ असायची आणि तिला किडा लागू नये म्हणून शिपाई चिमूटभर मोरचूद घालायचा. नात तो वाफाळता पांढरा चिक बघून म्हणाली, हे तर खायचं दिसतंय. जावई हसत म्हणाला, “आई, या पुठ्ठ्याच्या आत तरी दुसरं काय आहे?” पन्हळी दोन कागदांमध्ये धरून ठेवते तीही पिठाचीच खळ, बहुधा मक्याच्या स्टार्चची. पूर्वी सोडियम सिलिकेट वापरत. १९३० च्या दशकात स्टार्चची रीत आली आणि तीच टिकली. पुठ्ठा पाण्यात भिजला की सुटा होतो आणि त्याचा लगदा करता येतो, याचं एक कारण हेही. आमची खळ त्या खोक्याला परकी नव्हती.

आता भरायचं. मी आधीपासून मनात धरलं होतं की दोन-दोन बेसनाचे लाडू ठेवावेत. दिवाळी तोंडावर आली होती, डबा भरलेला होता. नातीने मान हलवली. “आजी, घरचं नाही चालत.” लेकीनेही तेच सांगितलं. हॅलोवीनला द्यायचा खाऊ कारखान्यातून बंद वेष्टनात आलेला हवा. सुका मेवा नको, शेंगदाणा नको, कारण कित्येक मुलांना त्यांची ॲलर्जी असते, हे पटलं. पण बेसन? घरी वळलेला लाडू कुणी खाणार नाही. नुसता उचलून कचऱ्यात टाकतील. कारण तो कुणी वळला ते त्यांना माहीत नाही.

यामागे मोठा इतिहास आहे. हॅलोवीनच्या रात्री अनोळखी माणसं मुलांच्या खाऊत विष कालवतात, सफरचंदात ब्लेड खुपसतात, ही धास्ती अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १९७४ मध्ये टेक्सासमधल्या डिअर पार्क गावी एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेली साखरेची पूड खाऊन गेला आणि देश हादरला. तपासात निघालं की विष बापानेच घातलं होतं, विम्याच्या पैशासाठी. १९८२ मध्ये शिकागो भागात टायलेनॉलच्या गोळ्यांत कुणीतरी सायनाइड भरलं, सात माणसं दगावली, आणि त्या वर्षी हॅलोवीनवर भीतीची गडद छाया पडली. औषधांच्या बाटल्यांवर मोडल्यावाचून उघडत नाही असं शील आलं ते यानंतर. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रांतल्या जुन्या बातम्या काढून त्यांचा मागोवा घेतला. १९८५ मध्ये त्याने सहकाऱ्यासह जो लेख लिहिला त्याचा निष्कर्ष असा की दारोदार खाऊ मागताना अनोळखी माणसाने दिलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खात्रीशीर घटना सापडत नाही. तरी आईबाप आजही मुलांच्या पिशव्या टेबलावर ओतून प्रत्येक वेष्टन उजेडात धरून बघतात.

हे ऐकल्यावर मला आमच्या गावच्या बायकांचे अंदाज आठवले. इतक्या लांबच्या दोन ठिकाणी एकच भीती आहे, आणि ती भुताची नाही. ती शेजाऱ्याच्या हाताची आहे. तिठ्यावरचा भात आम्ही ओलांडत नव्हतो, कारण तो कुणी शिजवला ते कळत नव्हतं. इथे लाडू खात नाहीत, कारण तो कुणी वळला ते कळत नाही. मुंज्याने आमच्या गावात कुणाचं काही बिघडवल्याचं मी स्वतः पाहिलेलं नाही. भाऊबंदकीने बिघडवलेलं मात्र घरोघर पाहिलं. मग ते बोलायची सोय नसली की लोक पिंपळाचं नाव घेत. भूत हे आमच्याकडे माणसाचं नाव न घेता माणसाविषयी बोलायचं साधन होतं.

या ‘बू’च्या खेळात ती भीती चोहोबाजूंनी वापरली आहे, पण खेळवून. निनावी वस्तू, अंधाराची वेळ, उंबरा, वर भुताचं चित्र, घंटा वाजवून पळणारे पाय. करणीला लागणारं सगळं साहित्य हजर. मग कुणी केलं असेल, याचे अंदाजही तसेच चालतात. फक्त हे अंदाज बांधताना लोक हसत असतात. ज्यांच्याशी वर्षभर हात हलवण्यापलीकडे बोलणं होत नाही त्या शेजाऱ्यांची नावं एकेक करून घेतली जातात, आणि प्रत्येक नावाबरोबर त्या माणसाने कदाचित आपल्यासाठी काही केलं असेल, ही शक्यता क्षणभर धरून बघितली जाते. हा संशय बरा.

हॅलोवीनला पुठ्ठ्याच्या डबीतून असंच दुसरं काही घडल्याचंही उदाहरण आहे. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबाला वाटलं की मुलांनी दारोदार फिरायचंच आहे तर युनिसेफसाठी पैसे मागावेत. मुलांनी दुधाचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे सजवून नेले आणि पहिल्या वर्षी १७ डॉलर आणले. पुढे देशभरची मुलं युनिसेफच्या नारिंगी डब्या घेऊन फिरायला लागली. टाकून दिलेल्या डब्याला चेहरा दिला की लोक त्यात काहीतरी घालतात.

आमच्या खोक्यात शेवटी शीलबंद चॉकलेटं गेली, दोन पेन्सिली, एक छोटी पणती आणि कागदी स्प्रिंगवर बसवलेला मुंजा. कागदाच्या दोन पट्ट्या एकीवर एक आडव्या-उभ्या घडी घालत गेलं की स्प्रिंग होते. झाकण उघडलं की तो उसळायचा, आणि त्याला चेहरा नव्हता. नुसती शेंडी होती. नातीने हट्टाने तसंच ठेवलं.

पहिला खोका रस्त्याच्या टोकाला एकटी राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंसाठी होता. सहा वाजून गेले होते, उजेड ओसरत होता. नात दबक्या पावलांनी गेली, खोका ठेवला, घंटा दाबली आणि धावत येऊन गाडीमागे माझ्या शेजारी बसली. उतारा ठेवणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं, असा दंडक आहे. इथे सगळी गंमत मागे बघण्यातच होती. दार उघडलं. बाईंनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग खाली. वाकायला त्यांना वेळ लागला. झाकणावरच्या पावलांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ती पावलं ज्या दिशेने गेलेली वाटत होती त्या दिशेला, म्हणजे नेमकी आमच्या विरुद्ध, मान वळवून बघितलं. नातीने तोंडावर हात दाबून धरला होता.

त्या वर्षी महाराष्ट्रातल्या पंचांगात नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. सकाळी अभ्यंगस्नान, संध्याकाळी दारात भुतं. गावी आम्ही या पहाटे तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडायचो. खाली सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत पोरं गवत आणि रद्दीचा नरकासुर करून त्याला जाळायची. इथे कारीट नव्हतं, पण राक्षस मुबलक होते. रांगोळी आणि पणत्यांशेजारून सांगाडे, चेटकिणी आणि एक चालता-बोलता भोपळा येऊन चॉकलेटं घेऊन गेले. त्यांतल्या एकाने वाकून पणतीवर फुंकर घातली आणि वाढदिवसाच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. त्याच्या आईने ओशाळून माफी मागितली. मी पणती पुन्हा लावली.

दुसऱ्या दिवशी फराळाची ताटं निघाली. एरवी ती आपल्याच माणसांच्या घरी जायची. नातीने या वेळी त्या बाईंचंही नाव काढलं. मी बरोबर गेले, कारण या कामात घंटा वाजवून पळता येत नाही. दार उघडेपर्यंत उभं राहावं लागतं, मी कोण, कुठली, हे माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगावं लागतं, आणि ताट समोरच्याच्या हातात द्यावं लागतं. आत बाईंच्या टेबलावर पिंपळाचा खोका होता आणि त्यात त्यांनी पत्रं ठेवली होती. आम्ही दोघींनी तो न पाहिल्यासारखं केलं. त्यांनीही काही विचारलं नाही.

निनावी भेटीला कारखान्याचं शील लागतं, हे मला आता पटलं आहे. हातचं द्यायचं असेल तर हात दाखवावा लागतो. खोक्याच्या वेळी आमचा हात फक्त बाहेरच्या बाजूला चालला, सालीवर, पानांवर, उलट्या पावलांवर. फराळाच्या ताटात तो आतही चालणार होता, पण त्यासाठी आम्हाला दारात उभं राहणं भाग होतं. बाईंनी चकलीचा तुकडा मोडला, हुंगला आणि विचारलं, यात काय काय असतं? मी तांदळापासून सुरुवात केली. चणाडाळ, उडीदडाळ, पोहे. धने-जिऱ्यापाशी माझे इंग्रजी शब्द संपले, ते नातीने पुरवले. शेंगदाणा आहे का? नाही. तीळ? आहेत. प्रत्येक जिनसाची खात्री करून घेतल्यावरच त्यांनी घास घेतला. गावी माझ्या चकलीची कुणी अशी चौकशी केली असती तर मी वर्षभर त्या घरी पाऊल ठेवलं नसतं. इथे मला ती आवडली. आमच्या गावात कुणी कुणाला असं समोर विचारलं असतं, तर पिंपळावर इतकी गर्दी झाली नसती.